वही कोणाची?

गेल्या दिवाळीच्या आधीं कांहीं दिवस वाशीम जिल्ह्यांतील एका लहानशा गांवीं आमचा मुक्काम होता. गांवाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मालेगांव तालुक्यांतील कोणतेंहि गांव घेतलें तरी चालेल. गांवांत शिरतांच एक किराणा दुकान लागतें, आणि सोयाबीन काढून झाल्यावर हातीं आलेली थोडीशी सवड मंडळी त्या दुकानाच्या ओट्यावर घालवितात. आम्हीहि तेथेंच बसूं लागलों. दुकानाच्या दर्शनी भागीं, बरण्यांना टेकवून, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन उभा केलेला आहे. गांवकरी त्याला 'स्कॅनर' म्हणतात. वास्तविक स्कॅन करणारा तो नव्हे, गिऱ्हाइकाच्या हातांतील मोबाईल होय. परंतु लोकभाषा असल्या तक्रारी ऐकून घेत नाहीं. चौकोनाशेजारीं एक लहानसा डबा आहे. मोबाईलवरून पैसे आले कीं हा डबा मोठ्यानें आंकडा उच्चारतो. आणि गल्ल्याच्या खालच्या फळीवर, जुन्या वर्तमानपत्राचें वेष्टण घातलेली व कोपरे झिजलेली, उधारीची वही आहे.

एका दुपारीं आमच्यासमोर एका तरुणानें चाळीस रुपयांचें सामान घेतलें व मोबाईल चौकोनापुढें धरला. डब्यानें चाळीस रुपये पोंचल्याची द्वाही फिरविली. त्याच्या पाठोपाठ एक वयस्क बाई आल्या. तेल, साखर, चहाची पुडी. "भाऊ, मांडून ठेवजा; सोयाबीन इकलं का देतो." दुकानदारानें वही काढली, मांडलें, आणि वही पुन्हां फळीवर गेली. पहिला व्यवहार साऱ्या ओट्यानें ऐकला. दुसराहि सर्वांनीं ऐकला. पण ऐकला नाहीं असें दाखविण्याची रीत प्रत्येकानें पाळली.

उधारीहि मोबाईलवरच कां मांडीत नाहीं, असें आम्हीं दुकानदारास विचारलें. मागल्या वर्षीं त्याच्या मुलानें तसें करून पाहिलें होतें. उधारी लिहिण्याचें एक ॲप घेतलें, सारीं नांवें त्यांत भरलीं, आणि ठरल्या दिवशीं त्या ॲपनें प्रत्येक उधारीवाल्याच्या मोबाईलवर आपण होऊन तगाद्याचा निरोप धाडला. त्यांत एक घर असें होतें कीं जेथें आठच दिवसांपूर्वीं कर्ता माणूस वारला होता. त्या घरानें चौथ्या दिवशीं कोठून तरी पैसे आणून सारी बाकी चुकती केली, आणि त्यानंतर त्या घरचें कोणी दुकानाची पायरी चढलें नाहीं. "वहीनं आजपर्यंत कोणाले फोन नाही केला," एवढेंच दुकानदार बोलला व सुपारी कातरूं लागला.

त्याचें तें वाक्य आमच्या मनांतून जाईना, म्हणून हा लेख.

खेड्यांतील लहान व्यावसायिकांनीं हीं नवीं साधनें स्वीकारावीं कीं नाहीं, हा वाद आतां संपल्यासारखाच आहे. वाशीम हा कांहीं पुढारलेला जिल्हा नव्हे. १ जुलै १९९८ रोजीं तो अकोला जिल्ह्यांतून वेगळा झाला, तालुके सहा, २०११ च्या शिरगणतींत लोकसंख्या ११,९७,१६०, आणि त्यांतील पांचांपैकीं चार माणसें खेड्यांत राहणारीं. देशांतील मागें राहिलेल्या जिल्ह्यांची जी यादी केंद्र सरकारनें २०१८ सालीं हातीं घेतली तींत वाशीमचें नांव आहे. अशा जिल्ह्यांस 'मागास' न म्हणतां 'आकांक्षित' म्हणावें असें ठरलें. नांव बदलल्यानें पावसाचें मान बदलत नाहीं. तरी पण आकांक्षा आहे, हें खोटें नव्हे. २०१६ च्या एप्रिलांत यूपीआय निघाली. त्याच वर्षाच्या ८ नोव्हेंबरच्या रात्रीं पांचशें व हजारांच्या नोटा रद्द झाल्या. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयनें येणाऱ्या पैशांवर दुकानदाराकडून शुल्क घेऊं नये असा नियम झाला. पुढें महामारी आली, व नोटेला हात लावावयासहि माणसें कचरूं लागलीं. आज पानाची टपरी, पंक्चरचें दुकान, पिठाची गिरणी, आठवडी बाजारांतील भाजीवाली, कोणाकडेहि पाहा, ठिपक्यांचा चौकोन आहेच.

आणि त्यांत लाभ आहे. खेड्यांतील दुकानांत सुट्या पैशांची टंचाई ज्यानें भोगिली आहे, दोन रुपयांच्या ऐवजीं ज्याच्या हातावर गोळ्या ठेविल्या गेल्या आहेत, त्याला हा लाभ समजावून सांगावयास नको. माल आणावयास तालुक्याला जातांना रोकड कमरेला बांधून न्यावी लागत असे, ती भीति गेली. पुण्याला कामाला गेलेला मुलगा आईचें दुकानचें देणें तेथून चुकतें करितो. शिलाईकाम करणाऱ्या बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यांत जमा होऊं शकते. होऊं शकते, असें आम्ही जाणूनबुजून म्हणतों. कारण पुष्कळ ठिकाणीं चौकोन बायकोच्या शिलाईयंत्राशेजारीं व खातें नवऱ्याच्या नांवानें, असाहि प्रकार असतो. पण तें पाप यंत्राचें नव्हे. खेडें होतें तसेंच राहावें, म्हणजे आपणांस सुटींत जाऊन त्याचें कौतुक करतां येईल, असें मानणारी एक नागर रसिकता आहे; तिचा आम्हांस कंटाळा आहे.

मग आमची शंका कोठें आहे? ती अशी कीं हिशेब ठेवणें ही केवळ गणिती क्रिया नव्हे. 'अमक्याकडून अमुक येणें' असें लिहिणारा एका वेळीं दोन गोष्टी करीत असतो. तो एक सत्य नोंदवितो. आणि तें सत्य केव्हां, कोणापुढें व कोणत्या स्वरांत बोलून दाखवावयाचें ह्याचा अधिकार स्वतःकडे ठेवितो. पहिल्या कामांत यंत्र माणसाहून श्रेष्ठ आहे ह्यांत शंका नाहीं. तें विसरत नाहीं, शून्य वाढवीत नाहीं, पान फाडीत नाहीं. परंतु दुसरें काम म्हणजे गप्प राहण्याचें काम होय. दुःखाच्या घरीं तगादा करूं नये हें ज्ञान कोणत्याहि वहींत लिहिलेलें नसतें. तें वही बाळगणाऱ्याच्या ठिकाणीं असतें. म्हणून वही कशाची, कागदाची कीं विजेची, हा प्रश्न आम्ही गौण समजतों. वही कोणाची, हा प्रश्न खरा.

ह्यावर कोणी म्हणेल कीं गप्प राहण्याच्या ह्याच अधिकारानें आमच्या आजोबा-पणजोबांचीं शेतें गिळलीं. हा आक्षेप खरा आहे आणि तो सौम्य करण्याचा आमचा विचार नाहीं. सावकाराची वही मोडींत असे, ऋणकोला वाचतां येत नसे. त्यानें आंगठा उठवावा आणि पुढें वहीनें काय बोलावें तें सावकारानें ठरवावें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी जमले, त्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली, आणि तेथून पेटलेल्या दंग्यांत ठिकठिकाणीं त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर व हिशेबाच्या वह्यांवर होता. कागद हातीं आला कीं जाळावा, असा क्रम. १८७९ सालीं सरकारनें दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा केला त्याचें मर्म आम्हांस फार शहाणपणाचें वाटतें. त्यानें वही बंद केली नाहीं. खत सरकारी नोंदणीदारापुढें व्हावें, दिलेल्या पैशांची पावती मिळावी, आणि ऋणकोस आपल्या खात्याचा उतारा मागतां यावा, असें त्यानें ठरविलें. म्हणजे वही राहूं दिली, फक्त ती एकट्याची राहूं दिली नाहीं. तो कायदा प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या जिल्ह्यांपुरता होता; वऱ्हाडाला त्याचा उपयोग नव्हता.

सुप्याच्या कितीतरी आधीं देहूस एका वाण्यानेंहि कर्जखतांचा नाश केला होता. घरची सावकारी तुकोबांच्या वांट्यास आली. दुष्काळानें माणसें उध्वस्त झालेलीं. तेव्हां भावाच्या हिश्शाचे कागद भावाच्या स्वाधीन करून आपल्या हिश्शाचे त्यांनीं इंद्रायणींत बुडविले, असें परंपरा सांगते. सुप्याच्या लोकांनीं जाळलें तें दुसऱ्याचें. तुकोबांनीं बुडविलें तें स्वतःचें. नीतीच्या दृष्टीनें दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. तरी दोहोंना एक गोष्ट समान लागली: कागद हाताशीं असावा लागला. आजच्या दुकानदाराला वाटलें कीं एखाद्या घरचें देणें पाण्यांत सोडावें, तर तो आपल्या मोबाईलवरील नोंद पुसूं शकेल. परंतु ती नोंद आणखी कोठें कोठें उतरून घेतली गेली आहे हें त्याला सांगणार कोण? इंद्रायणी आहे तेथेंच आहे. बुडवावयाचें काय, हेंच समजेनासें झालें आहे.

येथें वाशीमच्याच मातींतील एक जुना कागद, कागद कसला, तांबें, आम्हांस आठवतें. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति ह्याचा ताम्रपट १९३९ सालीं वाशीम येथें उजेडांत आला. वत्सगुल्म म्हणजे आजचें वाशीम, येथूनच तो दिलेला आहे, आणि त्यांत एक गांव ब्राह्मणांस दान दिल्याची नोंद आहे. ताम्रपटाची गंमत अशी कीं तो देणाऱ्याच्या दप्तरीं राहात नसे, घेणाऱ्याच्या घरीं राहात असे. राजाला दप्तराची काय वाण! परंतु राजा बदलला, अधिकारी बदलले, तर आपला हक्क दाखवावयाचा कोणाला? दुर्बळाला. म्हणून पुरावा दुर्बळाच्या हातीं. सोळा शतकांपूर्वींच्या राज्यकर्त्यांस हें सुचलें होतें, ह्याचें आम्हांस कौतुक वाटतें.

ह्याच जिल्ह्यांतील कारंजा येथें ह्या प्रश्नाचें दुसरें एक अंग पाहावयास मिळतें. वऱ्हाड तेव्हां हैदराबादच्या रेसिडेंटाच्या कारभाराखालीं होतें, आणि त्याच्या हुकुमानें १८८६ सालीं कारंज्याचा कापूसबाजार नियमाखालीं आणला गेला. हिंदुस्थानांतील नियंत्रित बाजाराचा हा पहिला प्रयोग समजतात. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशननें असे बाजार सर्वत्र निघावे अशी शिफारस केली. हेतु केवळ परोपकाराचा नव्हता. लँकेशायरच्या गिरण्यांना चांगला कापूस नियमितपणें मिळावा ही त्यांतली खरी कळकळ. परंतु हेतु कांहींहि असो, घडलें तें एवढें कीं तराजू व्यापाऱ्याच्या एकट्याच्या हातून निघून नियमांच्या नजरेखालीं आला. विकणारा व घेणारा ह्यांच्यामध्यें एक तिसरा उभा राहिला. हा तिसरा कधीं लांच घेई, कधीं डोळे मिटी. तरी तो दिसत असे, त्याचें नांव ठाऊक असे, आणि त्याच्यापुढें उभें राहून भांडतां येत असे.

आतां पुन्हां आपल्या दुकानाकडे वळूं. डब्यानें चाळीस रुपये पुकारले तेव्हां दुकानदार व तो तरुण ह्यांच्यामध्येंहि एक तिसरा होता; किंबहुना तिसरे, चौथे व पांचवे होते. दोघांच्या बँका, मध्यें पैशांची देवघेव जुळविणारें राष्ट्रीय महामंडळ, आणि दोघांच्या मोबाईलवरील ॲपांच्या कंपन्या. महामंडळ नफ्यासाठीं चालत नाहीं. ॲपवाल्या कंपन्या मात्र व्यापारासाठींच आहेत, आणि बहुतेक सारा व्यवहार त्यांतील दोघींच्याच हातांतून जातो: एक फोनपे, जिच्यांत अमेरिकेच्या वॉलमार्टचा मोठा वांटा आहे, व दुसरी गुगल. कोणा एकीकडे शेंकडा ३० हून अधिक व्यवहार जाऊं नयेत असें २०२० सालीं ठरलें. ती मर्यादा पुढें ढकलीत ढकलीत २०२६ च्या अखेरीवर नेऊन ठेविली गेली. दुकानदाराकडून शुल्क घ्यावयाचें नाहीं, मग ह्या कंपन्या चालतात कशावर? डब्याच्या भाड्यावर कांहीं, आणि कांहीं वहीवर. दुकानदार रोज किती मिळवितो, कोणत्या महिन्यांत मंदी असते, कोणत्या आठवड्यांत तो अडचणींत येतो, हें सारें जिच्यांत आहे ती वही आतां त्यांच्याकडे आहे. कारंज्याच्या बाजारांतील तिसरा तराजू सांभाळी. हा तिसरा तराजूहि सांभाळतो आणि दुकानहि मांडतो.

अशी वही दुसऱ्याच्या हातीं गेल्यावर ती काय बोलेल, ह्याचा मासला जुलै २०२५ मध्यें बंगळूर येथें दिसला. कर्नाटकाच्या विक्रीकर खात्यानें यूपीआयच्या नोंदी पाहून हजारों लहान विक्रेत्यांस नोटिसा दिल्या. माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांवर व सेवा देणाऱ्याची २० लाखांवर गेली कीं जीएसटीची नोंदणी करावी लागते, आणि आलेल्या रकमांची बेरीज तेवढी भरली म्हणून नोटीस. त्यांत दूध व भाजी विकणारेहि होते, ज्यांच्या मालावर कर मुळींच नाहीं. लोकांनीं चौकोन उपटून फेकले व 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. पुढें सरकारनें नमतें घेतलें. कर चुकविणाऱ्याची बाजू आम्हांस घ्यावयाची नाहीं; ज्याला कर लागू आहे त्यानें तो भरावा. पण खेड्यांतील दुकानदाराच्या खात्यांत येणारा प्रत्येक रुपया त्याची विक्री नसते. ज्याच्याकडे मोबाईल नाहीं त्या शेजाऱ्याचा मुलगा मुंबईहून पैसे धाडतो ते ह्याच्याच खात्यावर, आणि हा ते गल्ल्यांतून काढून शेजाऱ्याच्या हातीं ठेवितो. त्या दोन हजारांची बेरीज होते; त्यामागच्या शेजारधर्माची होत नाहीं. वही जवळ असती तर त्यानें समासांत दोन शब्द लिहून ठेविले असते. ह्या नव्या वहीला समास नाहीं.

परंतु कराहूनहि आम्हांस चिंता वाटते ती सवडीची. दुकानदाराच्या वहींत, त्यानेंच सांगितल्याप्रमाणें, चाळीसांवर घरें आहेत. सोयाबीन विकलें जाईपर्यंत तो ह्या साऱ्या घरांसाठीं थांबतो. २०२४-२५ च्या हंगामासाठीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारांत बहुतेक काळ त्याहून पुष्कळ कमी भाव मिळत राहिला. भाव असा पडला कीं दसऱ्याची बाकी दिवाळीवर जाते आणि दिवाळीची तुरीवर. पूर्वीं दुकानदारहि वाशीमच्या घाऊक व्यापाऱ्याला हेंच सांगे, आणि तो कुरकुरत कां होईना, थांबे. कारण तोच पाऊस त्याच्याहि डोक्यावर पडत असे. नव्या कर्जाची तऱ्हा वेगळी आहे. डब्यावर रोज किती वाजतें तें पाहून दुकानदाराला मोबाईलवरच कर्ज देऊं केलें जातें. जामीन नको, सातबारा नको, बँकेच्या फेऱ्या नकोत. आणि परतफेड अनेकदां रोजच्या जमेंतूनच थोडी थोडी कापून घेतली जाते. येथें व्याजाचा दर हा आमचा मुद्दा नाहीं. रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०२२ मध्यें नियम करून कर्जाचा एकंदर वार्षिक खर्च आधीं सांगण्याचें बंधन घातलें आहे. इतकी स्पष्टता जुन्या सावकारानें कधींच दाखविली नव्हती. मुद्दा असा कीं शेतकरी दुकानदाराला थांबावयास सांगूं शकतो, आणि दुकानदार कोणालाच सांगूं शकत नाहीं. कापणी रोजची आहे. पीक वर्षांतून एकदां येतें. पूर्वीं थांबण्याचा भार शेतापासून पेठेपर्यंत साऱ्यांवर थोडा थोडा वांटला जात होता. आतां तो ओट्यावर बसलेल्या एका माणसावर येऊन पडतो. त्याला तो झेपेनासा झाला म्हणजे तो काय करील? मुलानें मोबाईलवरून काढून टाकलेलें तें ॲप तो स्वतःच्या हातानें पुन्हां घेईल, आणि ज्या घरीं माणूस वारला आहे त्या घरींहि निरोप जाईल. निष्ठुर व्हावें असें त्याच्या मनांत नसेल. वरून उतरत आलेली निष्ठुरता तो फक्त पुढें देईल.

ह्याला उपाय म्हणून चौकोन उपटावे असें आम्ही म्हणत नाहीं. १८७९ च्या त्या कायद्याला जें सुचलें तेवढें आजहि सुचावें, इतकेंच. दुकानदाराची जी वही त्याच्या माघारीं लिहिली जाते तिचा उतारा त्याला मराठींत, त्याला समजेल असा, मागतांक्षणीं मिळावा. आणि कर्ज देणाऱ्यानें तालुक्याच्या गांवीं एखादा तरी असा जिवंत माणूस ठेवावा कीं ज्याला 'थांबा' म्हणतां येईल व ज्याला थांबण्याचा अधिकार असेल. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला आणि त्यांत संमतीला मोठें स्थान दिलेलें आहे. पण एका हातानें गूळ तोलीत असतां दुसऱ्या हातानें दुकानदार इंग्रजी मजकुराखालच्या 'मान्य' ह्या शब्दावर बोट ठेवितो, तेव्हां त्या बोटाला १८७५ च्या आंगठ्याहून अधिक किंमत काय म्हणून द्यावी, हें आम्हांस अद्याप कोणीं समजावून सांगितलेलें नाहीं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं आम्ही त्याच दुकानांत होतों. पाटावर नवी वही, तिच्यावर कुंकवाचें स्वस्तिक, शेजारीं झेंडूचीं फुलें व धणे-गूळ. मुलानें बापाकडे न पाहतां तो डबाहि उचलून पाटावर ठेविला. बापानें त्याला बोटभर हळदकुंकू लाविलें. आरती चालूं असतांच डबा बोलला: सोळाशें रुपये. मंडळी हंसली. आंकडा समजला, पण पैसे कोणाचे तें डबा सांगेना. आरती आटोपल्यावर दुकानदारानें मोबाईल घेऊन नांव पाहिलें, फळीवरून जुनी वही काढली, आणि तेल, साखर व चहाच्या पुडीच्या त्या ओळींवरून सावकाश एक आडवी रेघ ओढली. त्या बाईंच्या मुलानें पुण्याहून पैसे पाठविले होते. सोयाबीन अजून घरांतच होतें.